तशीच उशी

नाही गं, कव्हर नकोच आहे मला — कव्हर आहे घरी, धुऊन इस्त्री करून ठेवलंय — मला आतली हवी, नुसती आतली उशी. आता त्यात एवढं बघत राहण्यासारखं काय आहे? लोक नुसतं कव्हर मागायला येतात ना, तशी मी नुसती उशी मागायला आले, झालं. ती यू आकाराची, दोन लांब हात असलेली, गरोदर बायका कुशीत घेऊन झोपतात ना, ती. मी तिला अजगर म्हणते, तुमच्याकडे काय म्हणतात ते तू बघ. लांबी माझ्या हनुवटीपर्यंत, आणि हाताचा घेर — थांब, टेप आहे माझ्याकडे, अगं गळ्यातच आहे की, काढायचा राहूनच जातो — घेर पंचवीस इंच. पंचवीसच हं. चोवीस मला चालायचा नाही. "तू" म्हणतेय मी तुला, राग नाही ना? सुनेच्याच वयाची दिसतेस.

ही? छे, ही नाही. ही अर्धीच आहे — पाठीला टेकू मिळाला, पोटाचं काय? आणि ही तिकोनी तर प्रवासात न्यायला बरी, पोटाखाली सरकवली की झालं, पण रात्रभर कशी पुरणार? ही काय वाजतेय? थर्मोकोलचे मणी? नको बाई, कूस बदलली की करकर, त्यापेक्षा जागंच राहिलेलं बरं. — हां! ही. ही तीच. आण बघू इकडे. उशी कशी बघायची माहितीये? अशी मूठ दाबायची आणि सोडायची. तिनं हळूहळू वर यायला पाहिजे — उडी मारून नाही आणि दमून पण नाही. बघ. कशी आली वर! हीच दे. काय? नुसती दाखवायला ठेवलेली आहे? मग दुसरी काढ. गोडाऊनमधून? अर्धा तास? अगं, आता सव्वादोन झाले, चारच्या आत ही उशी मला पलंगावर हवी — नाही, तू नको जाऊस, फोन करून मागव ना. मागव. मी थांबते. बसते इथेच, या स्टुलावर.

सुनेला घेऊन यायला हवं होतं, बरोबर आहे तुझं. झोपून बघायला हवं माणसानं, ते सगळं मला पाठ आहे — डाव्या कुशीवर व्हायचं, एक हात पाठीशी, दुसरा पोटाखालून घेऊन गुडघ्यांमध्ये. पहिल्यांदा आणली तेव्हा बरोबरचा कागद तिनं मला वाचून दाखवला होता, आई हे बघा, आई असं करायचं म्हणे. सातवा लागलाय. पण ती आज नाहीये घरी. चारला येईल. — पहिल्यांदा आणली म्हणजे... हो, आहे एक. होती. तू लई प्रश्न विचारतेस गं! म्हणजे विचारत काहीच नाहीस, पण बघतेस अशी की माणूस आपलं बोलत सुटतं.

माझं काय असतं, मी कपडे आल्टर करते. नवीन नाही शिवत, लोकांनी विकत घेतलेलं त्यांच्या अंगाला बसवून देते, तीस वर्षं झाली. माझ्याकडे येतं ते सगळं ढगळ येतं. त्यामुळे सवयच लागलीये, ढगळ काही दिसलं की हात शिवशिवायला लागतात. पडदे, खोळी, मुलाच्या पँटी — माझ्या घरात अशी एक वस्तू सापडायची नाही जिला मी टाका घातलेला नाही. सून नवीन आली तेव्हा तिचा एक लांब झगा होता, घरात घालायची, नुसता लोंबायचा. ती आंघोळीला गेली, ती बाहेर येईपर्यंत मी तो दोन्ही बाजूंनी आत घेऊन ठेवला होता. थँक्यू म्हणाली. छान बसला होता अंगाला. आता तिला तो ढगळच आवडत होता का — ते काही मी विचारलं नाही.

आला का फोन? निघाला माणूस? बरं.

तर तो अजगर घरात आला ना, तेव्हा मी हसत हसतच म्हटलं होतं हिला, काय गं, सवत आणलीस की काय स्वतःच्या हातानं? ती पण हसली. पण पलंग केवढा, उशी केवढी! ती मधोमध, दोन्हीकडे हे एवढाले हात, आणि माझा मुलगा पहिल्या रात्री भिंतीला चिकटून झोपला, दुसऱ्या रात्री पलंगावरून खाली पडला, तिसऱ्या रात्री हॉलमधल्या सोफ्यावर आला. सोफा दोन माणसांचा. पाय गुडघ्यापासून बाहेर. सकाळी मान धरलेली, दिवसभर उभं राहायचं काम त्याचं, आणि तोंडातून शब्द नाही गं, मूग गिळून बसलेला. मी उठायचे पाणी प्यायला, आणि त्याला तसा बघायचे, आणि आत ती मस्त पसरलेली — मस्त म्हणजे, मला वाटायचं मस्त. सात महिन्यांचं पोट घेऊन कोण मस्त झोपतं? मी काय बाळंत झाले नाहीये का? पण तेव्हा नाही सुचलं. आईला आपलं पोर दिसतं आधी, दुसऱ्याचं नंतर दिसतं. हे चांगलं म्हणून सांगत नाहीये मी.

काय केलं म्हणजे? काय करणार! आल्टर केली.

अशी नको बघूस. दोन आठवडे झाले आज, सोमवारच होता. ती तपासायला गेली होती, हा कामावर. मी म्हटलं दोन मुठी काढू. दोनच मुठी फायबर, प्रत्येक हातातून एक, काय कळतंय? कव्हर काढलं, आतली शीव दोन बोटं उसवली, काढलं. मग बघितलं तर एक हात जाड, एक बारीक. मग जाडाचं काढलं. मग तो बारीक झाला. आता आमच्या कामात हेच होतं बघ, एक बाही आत घेतली की दुसरी घ्यावी लागते — शेवटी पिशवीभर निघालं. घेर किती उरला असेल? अठरा. मीच मोजला, मोजल्याशिवाय मला चैन कुठे पडतंय. आणि मग शिवून टाकलं असं बारीक की कारखान्याच्या टीपेनं मान खाली घालावी. कव्हर चढवलं. दिसत काही नव्हतं. त्या रात्री मुलगा आत झोपायला गेला आणि मी तुला खरं सांगते, मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं!

आणि सकाळी ही स्वयंपाकघरात आली, कमरेवर हात ठेवून, आणि म्हणाली, "उशी बसलीये का हो आई?" मी ओट्याकडे तोंड करून होते. म्हटलं, "नवीन उशी बसतेच." एवढंच. वळूनसुद्धा बघितलं नाही मी.

पाणी आहे का गं जरा? — बस.

ती नाही घरी, ती दवाखान्यात आहे. परवा सकाळी न्हाणीघराच्या पायरीवर पडली. पोटावर नाही, हातावर आणि मांडीवर आली, देवाची दया. गरगरलं म्हणे. रात्र रात्र झोप नव्हती तिला, कूस घेतली की पोट ओढायचं, उठून बसायची, मग खुर्चीत जाऊन टेकायची. मला दिसायची ना! माझ्या मशीनच्या शेजारची खुर्ची, तीच. मी विचारायचे, काय गं, उकडतंय का? हो आई, उकडतंय. डॉक्टर म्हणाल्या, चक्कर कशानंही येते या दिवसांत, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. पण त्यांना कुठे माहितीये? त्यांनी विचारलं झोप कशी आहे, तर मुलगा म्हणाला, हल्ली चांगली असावी, मी आता आतच झोपतो. मी तिथे उभी होते. बाळाचे ठोके बघायला ते यंत्र लावतात ना पोटाला, त्याचा आवाज येत होता, धडधड धडधड, आणि मला वाटलं हा माझ्याच छातीचा आवाज आहे, आता सगळ्यांना ऐकू जाणार.

ते फायबर परत का नाही भरलं? बोललीस तर हेच बोललीस! नाहीये ते माझ्याकडे. सोफ्यावर बसताना पाठीला म्हणून मुलाला त्या फायबरचीच उशी करून दिली होती मी. तो ती दवाखान्यात घेऊन गेलाय, रात्री खुर्चीत बसायला. आणि काल मी डबा घेऊन गेले तर नर्सनं ती उचलून हिच्या गुडघ्यांमध्ये ठेवलेली. मी डबा ठेवला आणि जिन्यात जाऊन उभी राहिले.

म्हणून म्हणते, मला तशीच हवी. आज दुपारी परत तपासणार आणि सगळं ठीक असलं तर सोडणार. ती येईल तेव्हा पलंगावर पंचवीस इंचाची उशी असेल, तिच्याच कव्हरात, आणि ती झोपेल. विषय संपला. मला पुण्य नको, मला माफी नको, मला फक्त हे कुणाला कळायला नको. तिला तर नकोच नको. अजून दोन-अडीच महिने आहेत, मग बाळ येईल, ते माझ्या हातात द्यायचंय ना तिला? हे कळल्यावर देईल? तू देशील?

कोण, तो गोडाऊनचा माणूस? आला का? ... हीच आहे का पण? त्यात दोन प्रकार येतात? भरण वेगळं? मग आता मी काय करू, मला काय माहीत कुठलं भरण — थांब, लेबल! लेबल कापून आणलंय मी घरच्या उशीचं. हे घे, पाकिटात आहे. नंबर आहे बघ त्याच्यावर. घाल कॉम्प्युटरमध्ये. नाव, फोन काही लागणार नाही ना? मिळालं? कुठलं भरण आहे?

काय झालं?

काय लिहिलंय? वाच ना. अगं वाच, माझ्याकडे काय बघतेस? — तक्रार? कसली तक्रार, कुणी केली? ... मंगळवारी. "उशी एका दिवसात हलकी झाली." बरं. मग तुम्ही म्हणालात आणा, भरून देतो. बरं, पुढे. गुरुवारी परत फोन. तिचाच? काय म्हणाली? नीट वाच, शब्द न् शब्द वाच.

"घरात उसवून शिवलेली आहे. कंपनीची चूक नाही. तक्रार मागे घेते."

परत वाच.

नाही, नको. कळलं.

धुवायला काढलं असेल कव्हर. बुधवारी. तिला काय, माझी टीप ओळखता येत नाही? अंगावरच्या प्रत्येक कपड्यावर माझीच टीप आहे तिच्या. गुरुवार म्हणजे... शुक्र, शनि... परवा पडेपर्यंत नऊ रात्री होतात गं. नऊ रात्री तिला माहीत होतं. माझ्या मशीनच्या शेजारी बसून काढल्या तिनं, आणि मी विचारलं की उकडतंय म्हणाली. मला वाटत होतं मी लपवतेय! मोठ्या मनाची म्हणून गप्प बसली असेल, म्हणतेस? तुझा चेहरा तसंच म्हणतोय, पण नाही. मी ओळखते तिला. घाबरली ती. "आई, तुम्ही माझी उशी उसवली का" — एवढं विचारायला घाबरली. सात महिन्यांचं पोट घेऊन एक पोर खुर्चीत बसून झोपते, पण मला विचारत नाही. कसली बाई आहे मी? काय घर केलंय मी? परक्या दुकानात फोन करून सांगितलं तिनं, आणि मला नाही.

ठेव ती. बांधू नकोस. नको म्हणजे आत्ता नको, मग बघू. तशीच उशी नेऊन काय दाखवू मी आता, आणि कुणाला?

माझाच वाजतोय. मुलगा आहे. — हं, बोल रे. ... ठोके चांगले आहेत? नक्की? डॉक्टर म्हणाल्या? कागद झाले? ... बरं. बरं बरं. नाही, रडत नाहीये, सर्दी झालीये. ... मी बाहेर आहे, दुकानात. उशीच्या. ... ते सांगते नंतर. ती कुठंय? शेजारी? दे तिला. ... कपडे बदलतेय तर थांबते मी, बदलू दे, पण तिच्याच हातात दे, आणि तू जरा बाहेर जा. जा म्हणते ना!

तू पण जा गं पलीकडे. ती गिऱ्हाईकं आलीत बघ, त्यांच्याकडे बघ. जा.

हां. मी आहे. ... कशी आहेस? ... ऐक, नाही, तू काही बोलू नकोस, आधी माझं ऐक. तुझी उशी मी उसवली. मी. आणि तू विचारलंस तेव्हा खोटं बोलले. ...

हॅलो? ... आहेस ना? ...

बोल गं काहीतरी.