सासूबाईंच्या फोनला कान नाहीत

...आणि वर मलाच म्हणतात, "तुझा तो फोन बाहेर ठेवून ये, चहाडखोर आहे तो." आता तुम्हीच सांगा, तीन कॅमेऱ्यांचा माझा फोन, त्यावरचं प्लास्टिकसुद्धा मी अजून काढलेलं नाही, आणि सासूबाईंच्या खोलीत जायचं तर त्याला चपलेसारखं दाराबाहेर काढून ठेवायचं... तुम्हाला वाटेल, म्हातारं माणूस, फोनमधलं काही कळत नसेल. अहो, कळत नसेल? बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या त्या. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, दोन्ही हातांत वायरी, आणि अख्ख्या शहराचं बोलणं त्यांच्या कानावरून जायचं. कुणाचं लग्न मोडलं, कुणाचा मुलगा नापास झाला, कुठले डॉक्टर दुपारी दोन वाजता कुणाशी गुलुगुलु बोलतात... आणि त्यातला एक शब्द, तुम्हाला सांगते, एक शब्द घरी आला नाही. सासरे बिचारे विचारून विचारून थकले. उत्तर एकच. "लाइन जोडली, की कान काढून घ्यायचा."

तर अशा बाईला यांनी सत्तराव्या वाढदिवसाला स्मार्टफोन दिला. आणि आमचे हे म्हणजे काय विचारता, घरभर एकच खातं ठेवलेलं, आईचा फोन त्यावर, यांचा कॉम्प्युटर त्यावर, हॉलमधला टीव्ही त्यावर. "सोपं पडतं," म्हणे. पडलं ना, चांगलंच पडलं.

सासूबाईंची एक मैत्रीण आहे, ट्रंकमावशी. खरं नाव आहे काहीतरी, पण एक्स्चेंजमध्ये सासूबाईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसून जन्मभर परगावचे ट्रंककॉल जोडले, त्यामुळे अजूनही समोरचा माणूस तीनशे मैलांवर असल्यासारखं बोलतात. साखर मागितली तरी वरच्या मजल्यावरून कुणीतरी आणून देतं. गेल्या वर्षी त्यांना आजारपण आलं, औषधांनी केस गेले सगळे. हे त्यांनी आता स्वतःच जगाला सांगितलंय म्हणून मी बोलतेय, नाहीतर घरी माझी धडगत नाही. तर त्यांनी सासूबाईंच्या कानात, म्हणजे खरोखर हळू आवाजात, हेच किती कठीण गेलं असेल बघा, सांगितलं, "केसांचा एखादा चांगला टोप कुठे मिळतो का बघ गं. कुणाला कळू देऊ नको." सासूबाईंनी खोलीचं दार लावलं आणि एका बोटानं फोनवर शोधलं.

दुसऱ्या दिवशी यांच्या कॉम्प्युटरवर जाहिरात. "टक्कल आता लपवा." आता यांच्या डोक्यावर पौर्णिमेचा चंद्र आहे, पण यांच्या मते अजून द्वितीयासुद्धा नाही. मला म्हणतात, "तू माझ्या डोक्याबद्दल कुणाशी बोललीस का?" मी म्हटलं, मला तेवढंच काम आहे का? चार दिवस घरात अबोला, आणि आरशासमोर कंगवा.

मग रविवार आला. ट्रंकमावशी डोक्याला रुमाल बांधून सोफ्यावर, एक्स्चेंजमधल्या आणखी दोघी शेजारी, चहा हातात, आणि यांनी हौसेनं जुनी गाणी लावायला टीव्ही सुरू केला. पडद्यावर दाराएवढ्या अक्षरांत, "तुमच्यासाठी खास. उपचारांनंतर केस गेलेल्या महिलांसाठी टोप."

आणि आमचे हे, सुटल्यासारखे, मोठ्यानं म्हणतात, "म्हणजे ते माझ्यासाठी नव्हतं तर."

ट्रंकमावशींचा हात रुमालाकडे गेला. कप खाली ठेवला, सासूबाईंकडे बघितलं आणि विचारलं, "तू सांगितलंस?" इतक्या हळू, की मला स्वयंपाकघरातून ऐकूच आलं नाही, नंतर यांनी सांगितलं. आणि निघून गेल्या. त्यानंतर सासूबाईंचा फोन उचलेनात.

सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. मी समजूत घालायला गेले, म्हटलं, आई, हल्ली सगळ्यांचंच असं होतं. तर म्हणतात, "सगळ्यांचं होतं म्हणजे बरोबर आहे का? बत्तीस वर्षांत माझ्या लाइनवरून गोष्ट फुटली नाही. लाइन जोडली की कान काढून घ्यायचा, आणि हा कान लावून बसतो, वर गावभर सांगतो. माझ्या हाताखाली असता तर संध्याकाळपर्यंत घरी पाठवला असता."

दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या मोबाइलवाल्याकडे. म्हणाल्या, "यातलं कंपनीचं सगळं काढून टाक." तो हसला. "आजी, त्यानं फोनची वीट होईल वीट." सासूबाई म्हणाल्या, "विटेला निदान कान नसतात." आणि फोन घेऊन घरी.

मग काय सांगू तुम्हाला, तीन आठवडे आमचं जेवणाचं टेबल म्हणजे एक्स्चेंज. कुठल्याशा लोकांनी हौसेनं बनवलेली, कुणालाही फुकट वापरता येईल अशी फोनची सिस्टिम असते म्हणे. ती कशी टाकायची ते वाचून वाचून यांनी वहीत अकरा पानं उतरवली. यांनी म्हणजे सासूबाईंनी, आमच्या यांनी नव्हे, आमचे हे लांबून "आई, नको, आई, नको" करत होते. पहिल्यांदा केलं, फोन काळा. दुसऱ्यांदा केलं, फोन काळा. मोबाइलवाला रस्त्यात दिसला की मी पलीकडच्या फुटपाथवर जायची. पण सासूबाई ढिम्म. "वीज पडली की आमचा अख्खा बोर्ड मरायचा. रडत बसायचो का? एकेक वायर तपासायची." आणि तपासली हो. कॉम्प्युटरला जोडलेली वायर नुसती चार्जिंगची निघाली, तिच्यातून दुसरं काही जातच नाही. घरात शिकलेली चार माणसं, कुणाला सुचलं? दुसरी वायर लावली आणि पाऊण तासात फोन सुरू. नाव विचारलं नाही, जन्मतारीख विचारली नाही, खातं मागितलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "बघ, किती सभ्य आहे."

आता सभ्य माणसाचे हाल होतातच. बँकेचं ॲप उघडेना, म्हणे या फोनवर आमचा भरवसा नाही. सासूबाई म्हणाल्या, "माझाही तुझ्यावर नाही," आणि बँकेत चालत जाऊ लागल्या. टॅक्सी बोलावता येईना. नव्या नकाशात आमच्या गल्लीला नावच नव्हतं. पण तो नकाशा लोकच भरतात म्हटल्यावर या छत्री घेऊन निघाल्या आणि गल्ली भरून काढली, औषधाचं दुकान, चांभार, पोस्टाची पेटी... कोपऱ्यावरचा बाकसुद्धा, आणि त्याला पाठ टेकायला आहे, हीसुद्धा नोंद. जगात कुठूनही दिसतं. मी जाईन तिथे सांगते, हा बाक आमच्या आईंनी नकाशावर ठेवलाय.

फोन धड झाला तशा त्या ट्रंकमावशींकडे गेल्या. मी बरोबर होते. मावशींनी दार उघडलं, पण आत या म्हणेनात. सासूबाईंनी उंबऱ्यातूनच फोन पुढे केला. "मी नाही सांगितलं. पण माझ्या हातातून फुटलं, म्हणजे चूक माझीच. आता यातून काही बाहेर जाणार नाही, मी स्वतः बघितलंय."

ट्रंकमावशींनी फोन उलटासुलटा केला. "बँक चालते?"

"नाही."

"टॅक्सी?"

"नाही."

"मग चालतं काय?"

"लाइन जोडली, की कान काढून घेतो."

ट्रंकमावशींनी फोन परत दिला. मग आत गेल्या, स्वतःचा फोन आणून सासूबाईंच्या हातात दिला, आणि अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माझ्यातही तेच टाक. आणि टोप नको, डोकं गरम होतं म्हणतात." आणि रुमाल सोडून खांद्यावर टाकला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

आता इमारतीतल्या नऊ जणी फोन घेऊन येऊन गेल्या, मोबाइलवालासुद्धा एकदा वही बघायला येऊन गेला. मला अभिमान आहे हो, चारचौघांत छाती काढून सांगते. पण दुपारी खोलीचं दार लागतं, तास-तास खुसफूस चालते, मी चहा घेऊन गेले की सगळ्या गप्प. परवा न राहवून विचारलं, "आई, मी घरचीच ना, मला तरी सांगा, काय चाललंय एवढं?"

सासूबाईंनी चहा घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि एक्स्चेंजमधल्या त्या गोड आवाजात म्हणाल्या, "राँग नंबर."