नव्या लिंक रॉडची ट्रायल

मांडवीच्या गॅरेजात माझ्या वाहनाची प्रतीक्षा करीत असता दादू मेस्त्री आणि जयगडचा ओमकार यांचे संभाषण कानी पडले.

"दादूकाका, चाकांजवळच्या लिंक रॉड भारीतल्या बसवा. वळणावर गाडी कलते, आईला मळमळतं. डायलिसिसला येणारच नाय म्हणते आता."

"जुन्या झिजल्यात. नव्यांनी कलणं कमी होईल."

"बंद नाय होणार?"

"वळणं केवढ्या वेगात घेतोस?"

"तिला सोडून बंदरावर ड्युटीला पोचायचं असतं, काका. आठवड्याला तीन खेपा. दमलो मी."

"मागच्या सीटवर कधी बसलायस?"

"नाय. मग चालवणार कोण?"

रॉड बसवून झाल्यावर दादूने किल्ली मागून घेतली.

"ट्रायलला मी चालवतो, तुझ्याच वेगानं. तू आईच्या जागेवर बस."

ओमकारने मागचे दार उघडले.