आश्लेषाचा उमराव

सन्माननीय अध्यक्ष मोरेश्वरकाका, व्यासपीठावरच्या मीनाक्षीकाकू, आजची सत्कारमूर्ती आश्लेषा, आणि शनिवारची दुपार मोडून वेस्ट विंडसरच्या या हॉलमध्ये जमलेल्या मित्रमैत्रिणींनो,

आश्लेषा पुढच्या आठवड्यात दोन वर्षांच्या फेलोशिपवर इंग्लंडला निघाली आहे. "शैलजा, तुझ्याइतकं तिला कोण ओळखतं? तूच बोल," असं काका म्हणाले आणि मला नाही म्हणता आलं नाही.

सहा वर्षांपूर्वी आम्ही दोघी नवऱ्यांच्या व्हिसावर इथे अमेरिकेत आलो. नोकरीची परवानगी नव्हती. मी नागपूरची, इतिहासात एमए. ही पुण्याची इंजिनिअर. नवरे ऑफिसला गेले की आम्ही लायब्ररी गाठायचो. तिथे मला विल्यम कॅव्हेंडिश सापडला. हो, मला! सतराव्या शतकातला न्यूकॅसलचा उमराव. घोडे आणि कविता यांत रमणारा माणूस, पण यादवी पेटल्यावर त्याने राजासाठी इंग्लंडच्या उत्तरेत फौज उभी केली. मग राजाचा तरुण भाचा कुमक घेऊन आला आणि सूत्रं त्याच्या हाती गेली. हा म्हणाला, थोडं थांबू. भाच्याने ऐकलं नाही. मार्स्टन मूरच्या माळावर एका संध्याकाळी याचं पायदळ जवळजवळ सगळं कापलं गेलं. लगेच त्याने देश सोडला. का? तर दरबारातलं हसणं आपल्याला सोसवणार नाही, म्हणून. पुढची सोळा वर्षं परदेशात घोडे शिकवत काढली.

हे ऐकून आश्लेषा म्हणाली, "शैलू, आपण दोघी मिळून लिहू या ना यार!"

मी म्हटलं, "तुला इतिहासातलं काय कळतं?"

ती शिकायलाच लागली. त्या काळची हस्ताक्षरं वाचायला शिकली. बाळंतपणानंतर तिसऱ्या महिन्यात ती मायक्रोफिल्मच्या मशीनसमोर बसलेली मी पाहिली आहे. आणि मी? मी 'सोमवारपासून' म्हणत राहिले. तिचं पुस्तक आलं त्या दिवशी मी तिला मिठी मारली, मग पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून रडले. आनंदाने नाही.

काका, क्षमा करा, यापुढचं माझ्या कागदावर नाही.

गेल्या वर्षी तिने याच फेलोशिपसाठी अर्ज केला, तेव्हा कमिटीतल्या एका बाईंचा मला फोन आला. पुस्तकातल्या आभारांत आश्लेषाने पहिलं नाव माझं घातलं होतं ना! त्यांनी विचारलं, "हे काम तिचं एकटीचंच आहे?" नुसतं 'हो' म्हणायचं होतं. मी म्हटलं, "ते मी नाही सांगू शकत."

फेलोशिप दुसऱ्या कुणाला मिळाली. आश्लेषा माझ्याच घरी येऊन रडली आणि मी तिला आल्याचा चहा करून दिला. यंदा तिने पुन्हा अर्ज केला. या वेळी मला कुणी काही विचारलं नाही.

नाही, आश्लेषा, उठू नकोस. मला पुरं करू दे. त्या पुस्तकातली ओळ न् ओळ तुझी आहे. हे मी फोनवर सांगायला हवं होतं, ते आज शंभर माणसांसमोर सांगते आहे.

मंडळाने बोलायची संधी दिली, आपण शांतपणे ऐकलंत, मी आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सगळ्यांनी सांभाळून घ्यावं. आश्लेषा, तू मात्र लगेच माफ करू नकोस. इंग्लंडला पोचलीस की सावकाश ठरव.