दिव्यांखालचं टेबल

हॅलो?... हॅलो, छोटे? हां, बोल, येतंय ऐकू... नाही गं, धापा कुठे टाकतेय? कप लावत होते. तू म्हणालीस तसेच, बाबांच्या करवती टांगायच्या खुंट्यांवर... हो, कॉफी शॉप वाटतंय आता. आणि सुताराचं दुकानही वाटतंय. तू कुठवर आलीस?... पुलापाशी? एवढ्यात?... आणि दुकानाचे फोटो काढायला बोलावलेली ती फोटोवाली? तीही तुझ्याच गाडीत?... बरं. नाही, बरं म्हणजे बरंच.

टेबल?... टेबलाचं काय?... पुसलंय. अगदी... पुसलंय.

अगं, कुठे काय लपवतेय? छोटे, ऐक ना. गाडी जरा बाजूला घे... घे म्हणते ना! कुणाला काही झालेलं नाही. बाबा इथेच आहेत, ठणठणीत आहेत.

एक मिनिट... हो बाबा, तिचाच फोन. नाही सांगितलं हो! तुम्ही बसा ना खिडकीपाशी, कॉफी आणते... दिवे? बरं, नाही लावत. ऊन आहे म्हणा अजून.

हां, छोटे. मागच्या दाराशी आलेय, हळू बोलते. किंचाळू नकोस, तुझ्या शेजारी ती फोटोवाली आहे... बाबांनी त्यांच्या कामाच्या टेबलाला रंधा मारला.

हॅलो?... आहेस ना?... रंधा गं, रंधा! सुताराच्या मुलीला आता रंधा समजावून सांगू?... सगळ्या टेबलाला. या टोकापासून त्या टोकापर्यंत... नाही, काहीच राहिलं नाही. करवतीचे चरे गेले, सरसाचे डाग गेले, पटाशीचा तो मोठा घाव गेला. तू लहानपणी करवत चालवून पाडलेली खाच... तीही.

हो, हो... माहितीये मला. त्या टेबलासाठी भिंती कोऱ्या ठेवल्यास, एकेका घावावर एकेक दिवा सोडलास, सगळं माहितीये... हो, टांगलेत ना. आता साफ केलेल्या लाकडावर टांगलेत. मला काय हसू येतंय?

मी कुठे होते म्हणजे? किल्ली मीच दिली त्यांना! दुपारचे येऊन बसतो म्हणाले. मला वाटलं, एवढ्या दिवसांनी दुकानात पाय टाकतायत, बसू दे माणसाला. दुकान बंद केल्यापासून ही गल्ली टाळून लांबून वळसा घालायचे, विसरलीस?

मुद्दाम? काहीतरीच काय बोलतेस! अगं, लाज वाटली त्यांना. म्हणाले, "माझ्या मुलींकडे चार लोक येणार आणि त्यांच्यापुढे हे असलं खरबरीत टेबल? लोक म्हणतील, बाप सुतार आणि घरचं टेबल बघा"... सांगितलं होतंस? काय सांगितलं होतंस? "बाबा, टेबल राहू दे तसंच," एवढंच ना? त्यांना वाटलं, पोरगी मला त्रास नको म्हणून म्हणतेय. आपल्या घरात "राहू दे" म्हटलं की कुणी कधी राहू दिलंय का?

...हे बघ, असं बोलणार असशील तर येऊच नकोस... मी चिडत नाहीये! नवा शर्ट घालून बसलेत ते. सारखे दाराकडे बघतायत. तू आत येऊन "हे काय केलंत" म्हणालीस ना, की उठतील, चपला घालतील, आणि मग इकडे फिरकणारही नाहीत... टेबल दुसरं मिळेल... बरं, नाही मिळणार. तरीही.

रड. रडून घे तिथेच, मग ये.

काय?... आत्ता? अगं, ते नको म्हणतायत दिवे... बरं, बरं, लावते. तुझंच खरं. थांब, बटण... लावले. हं. गुळगुळीत आहे, सांगितलं ना तुला...

थांब.

थांब जरा, छोटे.

गुळगुळीत नाहीये गं... नाही, जुनं काही नाही. लाटा आहेत. बारीक बारीक, टेबलभर. रंधा सरळ गेलेलाच नाही. रुतलाय, उचललाय, पुन्हा रुतलाय... उन्हात कळत नव्हतं. तू दिवे इतके खाली सोडलेस ना, उजेड आडवा पसरतोय. एकेका लाटेची सावली पडलीये.

...हो. हातच. त्या हातांपायीच तर दुकान बंद केलं त्यांनी. साधा कप धरायला दोन्ही हात लागतात, आणि एवढं टेबल... माहीत नसेल कसं? म्हणून तर दिवे नको म्हणत होते.

निघालीस तिथून? बरं, ये... बाबा इकडेच बघतायत. हात खिशात घातलेत... काय बाबा? हो, लावले. छोटी लाव म्हणाली... बघतेय ना. बघतेय मी.

छोटे, विचारतायत, कसं झालंय. काय सांगू?... बोल ना काहीतरी! अगं, उठतायत ते. चपला शोधतायत... काय? मोठ्याने बोल... नक्की? फोटोवालीसमोर?... सांगते. हो, तुझ्याच शब्दांत सांगते.

बाबा! अहो बाबा, थांबा. छोटी म्हणतेय, एकही दिवा हलवायचा नाही. फोटो दिवे लावूनच काढायचे म्हणतेय... हो, याच टेबलाचा. आणि म्हणतेय, टेबलामागे तुम्ही उभे राहायचं.

...थांबलेत गं. खाली बघतायत, टेबलाकडे... आलीस? हो, दिसली गाडी. डोळे पूस आधी. तेच येतायत दार उघडायला.

छोटे... खिशातून हात काढलेत त्यांनी. ठेवते.