भोवरीचं औषध आणि माझं चारित्र्य

हॅलो? … हॅलो, डॉक्टरकाका? … मला न तपासता, न बघता तुम्ही माझ्या चारित्र्याचं निदान केलंत. आणि ते मला नाही, माझ्या सासूबाईंना सांगितलंत.

… देवश्री बोलतेय. जर्मनीतून, वाल्डॉर्फहून. क्षितिजची बायको. … हो, तीच. "तीच ती" म्हणायचंय का? म्हणा ना, संकोच कसला.

… नाही, नंतर नाही. पेशंट खोळंबलेत, माहितीये. इथे सव्वासात वाजलेत, म्हणजे तुमच्याकडे पावणेबारा. आणि मंगळवार आहे, म्हणजे आई बीपी मोजायला आल्या असतील. बाकावर बसल्यात ना बाहेर? … बसू देत. तुम्हीच वाढवलंत त्यांचं बीपी, तुम्हीच मोजा.

… चिडू नको? काका, काल व्हिडिओकॉलवर आईंनी मला काय विचारलं, सांगू? शेजारी नणंद बसलेली. भाजी कोणती केलीस विचारतात ना, त्याच आवाजात विचारलं, "कोण होता तो?"

मी म्हटलं, कोण आई? तर म्हणाल्या, "डॉक्टरांनी सांगितलंय मला. खालच्या जागेवर असल्या चामखिळी बाहेरख्याली बायकांमुळे येतात." आणि क्षितिजला म्हणाल्या, पुढच्या महिन्यात एकटा निघून ये, वकिलांशी मी बोलून ठेवते. सहा वर्षांचा संसार, काका. दोन मिनिटांत आवरायला घेतला.

… असं म्हणाला नव्हतात? मग कसं म्हणालात? … हां. "बहुधा तिच्याकडून आलं असावं." वा! बहुधा. असावं. दोन्ही बाजूंनी उशा लावून घेतल्यात की स्वतःला.

… सौना? आलंच का ते! हो, जाते मी. शनिवारी, ऑफिसातल्या लोकांबरोबर. हो, बाप्येही असतात. टॉवेलवर बसते, घाम गाळते, गार पाणी ओतून घेते, घरी येते. लाकडी बाकावरून नाही येत हे. कातडीला कातडी लागून येतं, बहुतेक वेळा शरीरसंबंधातून. तुम्हाला शिकवलं असेल की कधीतरी कॉलेजात.

… नाहीच आहे मी डॉक्टर. म्हणून तर डॉक्टरकडे गेले! इथे फ्राऊएनएर्त्स्टिन म्हणतात, बायकांची डॉक्टर. तिने तपासलं. म्हणजे खरोखर तपासलं, खुर्चीवर झोपवून, दिवा लावून. म्हणाली, एचपीव्ही नावाचा विषाणू, फार जणांना होतो, शरमेने मरू नका. क्रीम दिलं. आठवड्यातून तीनदा, रात्री लावायचं, सकाळी धुऊन टाकायचं. काही महिने लागतील, जाऊन पुन्हा उगवतीलही. आणि नवऱ्याला दाखवून घ्यायला सांगा. … नाही, कॅन्सर करणारे त्यातले प्रकार बहुतेक वेगळे असतात, हेही तिनेच सांगितलं. मी विचारायच्या आधी. माझं तोंड बघूनच.

मी विचारलं तिला, हे कोणाकडून आलं? … ऐका ना, मधे बोलू नका. म्हणाली, सांगता येत नाही. महिनोन्महिने अंगात गप्प पडून राहतं, वर्षंसुद्धा. मग कधीतरी उगवतं. ती माझ्यासमोर बसून सांगू शकली नाही. तुम्ही पुण्यात बसून सांगितलंत!

… हो, क्षितिजने तुम्हाला स्वतःचे फोटो पाठवले, ते कळलं मला. इथल्या डॉक्टरकडे का नाही गेला माहितीये? रिसेप्शनवरची बाई खड्या आवाजात विचारते, काय होतंय म्हणून. आणि वेटिंग रूममध्ये अर्धी कंपनी बसलेली. सकाळी कोण खोकलं ते दुपारी कँटीनला कळतं. त्यापेक्षा आपले डॉक्टरकाका बरे, म्हणाला. गोष्ट पोटात ठेवतात. … मला हसू येतंय काका, तुम्हाला नाही येत?

… मिळालं की औषध! आमच्या शेजारच्या प्रभाताई पुण्याहून आल्या, त्यांच्या बॅगेतून आलं. मेतकूट आणि गोड्या मसाल्याच्या मधे, पेपरात गुंडाळून. काका, त्या बाटलीवर पाऊल छापलंय. पाऊल! पायाच्या भोवरीचं औषध आहे ते. आणि याने ते कुठे लावलं?

… "अगदी थोडं लाव" म्हणाला होतात? इंजिनियर आहे तो. थोडं म्हणजे किती, हे विचारायला लाजला आणि तीन थर दिले. शुक्रवारपासून कॅमेरा बंद करून उभ्याने मीटिंगा करतोय. टीमला वाटतंय, नवीन उंच टेबल घेतलं.

काल मी ओढत नेलं त्याला त्वचेच्या डॉक्टरकडे. टर्मिन कुठला? अपॉइंटमेंट तीन महिन्यांनंतरची देत होते. मग मी क्षितिजला म्हटलं, जरा चालून दाखव. दारापासून काउंटरपर्यंत चालला. त्या बाईने एक शब्द न विचारता आत घेतलं.

डॉक्टरने बाटली बघितली. मग याच्याकडे बघितलं. मग पुन्हा बाटली. म्हणाली, हे पायाचं आहे. मी म्हटलं, जा, गेनाऊ, अगदी बरोबर, पायाचंच आहे, डोकं तेवढं पुण्यातलं आहे. आता आधी भाजलेलं बरं होणार, मग त्या चामखिळी गोठवून काढणार. आधी कधी झालं होतं का, विचारलं तिने. हा म्हणाला, नाही. छताकडे बघत.

… काय? … थांबा. काय म्हणालात? … नाही, त्याच्या आधीचं वाक्य. … "परत आल्यात म्हणजे आता चिवट असणार." परत?

… काका, शब्द गिळू नका. परत म्हणजे आधी होत्या. कधी? … लग्नाच्या आधी. किती आधी? … चार महिने. … तुम्ही जाळल्यात. रविवारी, दवाखान्यात, कंपाउंडर नसताना. … आणि त्याला काय सांगितलंत? … मोठ्याने बोला. … "मुली बघतायत तुला, कुठे बोलू नकोस."

… एक मिनिट. हिशोब करू द्या मला.

आल्झो, तर मग काका, लग्नाआधी तीन महिने आपली बैठक झाली. म्हणजे तुम्ही त्या जाळल्याला एक महिना झाला होता. घरातले वडीलधारे म्हणून तुम्ही मधल्या खुर्चीवर होतात. माझे रिपोर्ट तुम्ही वाचून दाखवलेत, सगळ्यांसमोर. थायरॉइड. चष्म्याचा नंबर. हिमोग्लोबिन साडेदहा, "जरा कमी आहे, बीट खायला घाला मुलीला." तीन महिने बीट खाल्लं मी! आणि माझ्या बाबांनी चहाचा कप हातात धरून घाबरत घाबरत विचारलं, मुलाची तब्येत? तुम्ही म्हणालात, "ठणठणीत. लहानपणापासून माझ्या हाताखालचा आहे."

… नाही. मला त्याच्याकडूनच आलं, असं मी म्हणत नाहीये. सांगता येत नाही म्हणजे येत नाही, तो नियम मलाही आहे. त्याला कोणाकडून आलं, तेही नकोय मला. पण "तिच्याकडून" हे तुम्ही आईंना सांगितलंत तेव्हा हे सगळं तुम्हाला माहीत होतं. … चूक? चूक ती भोवरीच्या औषधाची. ती मी माफ केली, क्षितिजचं क्षितिज बघेल. ही चूक नाही. हे तुम्ही स्वतःला वाचवलंत, माझ्या अब्रूवर पाय ठेवून.

… काय? पेशंटची गुप्तता? अगं बाई! आत्ता आठवली? माझं नाव बाहेरच्या बाकावर वाटत होतात तेव्हा कुठे ठेवली होती, फ्रीजमध्ये?

… बरं. थांबा. गुप्तता तर गुप्तता. क्षितिज! … दारातच उभा आहे. ऐकलंस ना सगळं? … काका म्हणतात, आईंना खरं सांगायला तुझी परवानगी लागेल. … मान नको हलवूस, फोनवर मान दिसत नाही. … रडायचं नंतर. माझं काल रडून झालंय, आता तुझी पाळी, पण आधी बोल. … जोरात.

ऐकलंत काका? "सांगा" म्हणाला.

आता आईंना आत बोलवा. … ठेवा ना फोन. मी आईंच्या फोनवर लावीन, त्या तुमच्या दारातच आहेत. … हं. स्पीकरवर टाका.

… आई? मी देवश्री. … नाही आई, ओरडत नाहीये. बसा त्या स्टुलावर. पट्टा नका बांधू एवढ्यात, आकडा खोटा येईल. … आई, काल तुम्ही मला विचारलंत, कोण होता तो. मला खरंच माहीत नव्हतं. काकांना माहितीये.

काका, बोला. आमच्या लग्नाआधी चार महिने, रविवारी, तुमच्या टेबलावर झोपला होता. … हॅलो? … लाइन चालू आहे काका, तुमच्या पंख्याचा आवाज येतोय मला. … आई वाट बघतायत. मी पण. … उत्तर द्या.

कोण होता तो?