पाचव्या पुस्तकाचे मार्क

आजोबांच्या दुसऱ्याही डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि आठवड्यानं चष्मा मिळणार होता. नर्सबाई त्यांच्या डोळ्यांत थेंब घालत होत्या. शेजारी सून बसली होती. दोघांचं बोलणं आपसूक नर्सबाईंच्या कानावर पडत होतं.

“बाबा, तुम्ही वर्षभर वाट पाहिलेली पाचही पुस्तकं मी वाचून दाखवली. आता मार्क द्या.”

“पहिली दोन म्हणजे नाव मोठं, लक्षण खोटं. तिसरं बरं. चौथं वाचताना तूच डुलक्या काढल्यास.”

“आणि पाचवं?”

“दहापैकी दहा! म्हातारा शेवटी बायकोकडे परततो, ते पान तर अजून कानात आहे. चष्मा मिळाला की आधी तेच पान वाचणार.”

“बाबा, रागावू नका हं. पुस्तकात तो पोचायच्या आधीच ती जाते.”

“म्हणजे?”

“आईंना जाऊन दोनच महिने झाले होते. माझ्याच्यानं वाचवेना. ते पान मी मनानंच रचलं.”

आजोबांचा हात डोळ्यांकडे गेला.

“डोळे चोळू नका, आजोबा,” नर्सबाई म्हणाल्या.

“नाही चोळत. सूनबाई, लेखकाला सात. तीन तुझे.”

“आणि ते पान?”

“वाचणार. तू फक्त शेजारी बस.”