गालफुगी कुठवर उतरते

बालाघाटच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर राजेगावची सासू-सून बसली होती.

“पौर्णिमा, थायरॉइड तर गळ्यात राह्यते न? मंग त्याच्या गोळीनं लेकरू कसं होईन?”

“आई, मॅडम म्हणे, त्याचा हार्मोन रक्तातून साऱ्या अंगात पोचते. गर्भाच्या कोठ्यालेही लागते.”

“गळ्याची दवा पोटाले? तू काहीतरी लपवून राह्यली. माह्या रजतची आत्या त्याचं दुसरं लगन करा म्हणते, ते उगाच नाही.”

“मॅडमनं त्यायलेही तपासाले बोलावलं.”

“काहून? माहा पोरगा एकदम फिट हाय.”

“लग्नाच्या आधी त्यायले गालफुगी झालती न? तो व्हायरस कधी कधी खाली मर्दाच्या जागीबी उतरते म्हणे.”

“कुठं नाही उतरला. कुंभाराच्या चाकाची माती मीच लावली होती त्याच्या दोन्ही गालाले. तिथंच बसला तो.”

“हौ. मंग त्या हप्त्यात ते पाय फाकवून काहून चालत होते?”

“तुले कोणं सांगतलं?”

“तुमीच. माह्या हळदीच्या दिवशी, हसत हसत.”

सासूनं आवाज एकदम खाली आणला.

“पौर्णिमा, तवा तिथं आणखी कोण कोण बसलं होतं?”